घाटात वळणावर बाईकचा वेग जास्त झालाच तर

ताम्हिणीसारख्या घाटात वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं की नजर कठड्यावर नाहीतर समोरच्या एसटीवर खिळते, आणि गाडीही तिकडेच ओढली जाते. नजर हट्टाने वळण सुटतं तिथे न्या. डावं वळण असेल तर डावी मूठ पुढे ढकला. उलटं वाटेल, पण गाडी त्यानेच डावीकडे आणखी झुकते. कोरड्या रस्त्यावर बहुतेकदा टायरची पकड शिल्लक असते, धीर आधी सुटतो. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, साध्या एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणारी, पण गाडीचा झुकाव न ओळखणारी ब्रेकची यंत्रणा) भरवशावर तर नाहीच. पुढे जागा मोकळी असेल तर गाडी क्षणभर सरळ करून ब्रेक मारा, मग पुन्हा झुकवा. खडी किंवा शेवाळ असेल तिथे मात्र वेग वळणाआधीच उतरवलेला हवा.