येत्या कार्यक्रमांची यादी: क्रम कसा लावायचा, पानं कशी पाडायची

सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात पुस्तक प्रकाशन, कुसुमाग्रज स्मारकात काव्यवाचन, कालिदास कलामंदिरात नाटक, आणि तिन्ही एकाच शनिवारी संध्याकाळी. नाशिककराला हे नवीन नाही. कॉलेज रोडवर एका सीएच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवून झाले की मी अशा कार्यक्रमांची एक छोटी साइट सांभाळते. ती वर्डप्रेसवर आहे, म्हणजे मुळात ब्लॉग. शहरातल्या बऱ्याच मंडळांच्या साइट अशाच असतात आणि त्या ‘भाचा बघतो’. हे त्या भाच्यासाठी, आणि त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं हे ज्यांना कळायला हवं त्यांच्यासाठी.

ब्लॉगला एकच तारीख कळते: मजकूर कधी टाकला ती. जे शेवटी लिहिलं ते सर्वांत वर. बातमीला हे ठीक आहे. कार्यक्रमाचं उलट असतं, जो सर्वांत आधी होणार तो वर हवा. म्हणून काही जण एक युक्ती करतात, पोस्टच्या प्रकाशनाची तारीख म्हणून कार्यक्रमाचीच तारीख टाकतात. ती चालत नाही. पुढची तारीख दिसली की वर्डप्रेस ती पोस्ट ‘शेड्यूल्ड’ करून ठेवतं, आणि कार्यक्रमाचा दिवस उजाडेपर्यंत ती वाचकाला दिसतच नाही. मग निमंत्रणाचा उपयोग काय?

तेव्हा प्रकाशनाच्या तारखेला हात लावू नका. कार्यक्रमांसाठी वेगळा पोस्ट टाइप, म्हणजे नोंदींचा वेगळा प्रकार, करा आणि त्याला तीन कस्टम फील्ड, म्हणजे माहिती भरायचे आपले रकाने, जोडा: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि वेळ. एका दिवसाचा कार्यक्रम असला तरी शेवटची तारीख भरायचीच. फील्ड रिकामं राहिलं तर त्या फील्डवर चाळणी लावणाऱ्या यादीतून ती पोस्ट गुपचूप गळते, आणि मग आयोजकांचा फोन येतो. शक्य असेल तर फील्ड सक्तीचं करून टाका.

तारीख साठवायची कशी, यात निम्मं काम आहे. आपण लिहितो दिवस, महिना, वर्ष. संगणक ते मजकूर म्हणून डावीकडून वाचतो. सिंहस्थाच्या जाहीर झालेल्या तारखा घ्या: ध्वजारोहण ३१/१०/२०२६, पहिलं अमृतस्नान ०२/०८/२०२७, दुसरं ३१/०८/२०२७, तिसरं रामकुंडावर ११/०९/२०२७. या अशाच साठवल्या आणि चढत्या क्रमानं लावल्या तर पहिलं स्नान वर येतं, मग तिसरं, मग दुसरं, आणि ज्यानं पर्वाची सुरुवात होते ते ध्वजारोहण सर्वांत खाली. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये रेघ-ठिपका काही नाही, असं २०२६१०३१ लिहिलं की प्रश्नच मिटतो. आकड्याचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या प्लगिनचं तारीख निवडायचं फील्ड आतून असंच साठवतं, दाखवताना तुम्ही हवं तसं दाखवा. मात्र साठवताना अंक इंग्रजीच ठेवा, देवनागरी अंक फक्त दाखवण्यापुरते.

तिथीवर चालणारे कार्यक्रम, म्हणजे रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद) किंवा पाडवा पहाट, यांच्या गेल्या वर्षीच्या पोस्टची नक्कल करून वर्ष तेवढं बदलू नका. पंचांग उघडून तारीख नव्यानं भरा.

आता क्रम. भाच्याला सांगायचं ते असं: ज्यांची शेवटची तारीख आजची किंवा पुढची आहे तेवढेच घे, सुरुवातीच्या तारखेनं चढत्या क्रमानं लाव, तारीख सारखी असेल तर वेळेनं, वेळही सारखी असेल तर पोस्टच्या क्रमांकानं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात आणि चार आकडी साठवा, नाहीतर सकाळचे साडेनऊ संध्याकाळच्या साडेसहाच्या खाली जाऊन बसतील. वर्डप्रेस ४.२ पासून मेटा क्वेरीच्या, म्हणजे कस्टम फील्डवरून केलेल्या मागणीच्या, प्रत्येक अटीला नाव देता येतं आणि त्या नावांवरून असा अनेक पातळ्यांचा क्रम लावता येतो.

शेवटची पायरी, पोस्टचा क्रमांक, अनेकांना फालतू वाटते. २७ फेब्रुवारी आठवा. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि गावात जितकी सभागृहं तितके कार्यक्रम. सगळ्यांची तारीख तीच, बहुतेकांची वेळही तीच. अशा वेळी बरोबरीतल्या नोंदी कोणत्या क्रमानं द्यायच्या याची हमी डेटाबेस देत नाही. पहिलं पान मागितलं तेव्हा एक क्रम, दुसरं मागितलं तेव्हा दुसरा. परिणाम असा की एक कार्यक्रम दोन्ही पानांवर दिसतो आणि एखादा कुठल्याच पानावर नाही. प्रत्येक पोस्टचा क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे तो शेवटी जोडला की बरोबरी उरतच नाही.

‘आज’ म्हणजे काय, हेही साइटला शिकवावं लागतं. वर्डप्रेसच्या आत पीएचपीचं साधं ‘डेट’ फंक्शन ग्रीनिचची वेळ सांगतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत साइटच्या लेखी कालचाच दिवस चालू. दिवाळीत पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला निघालेला माणूस अंधारात मोबाइल उघडतो आणि त्याला वर दिसतो काल उरकलेला कार्यक्रम. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली टाइमझोनला कोलकाता निवडा, आणि कोडमध्ये ‘करंट टाइम’ किंवा ५.३ पासून आलेलं ‘डब्ल्यूपी डेट’ वापरायला लावा. कार्यक्रम सुरू झाल्या क्षणी यादीतून काढावा का, असं मला विचारतात. मी दिवस संपेपर्यंत ठेवते. साडेसहाच्या कार्यक्रमाला पावणेसातला घरून निघणारी आणि वाटेत पत्ता शोधणारी माणसं आपल्याकडे थोडी नाहीत.

पानं पाडताना, म्हणजे लांब यादी पान १, पान २ अशी तोडताना, सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दोन क्वेऱ्यांचा. क्वेरी म्हणजे डेटाबेसकडे केलेली नोंदींची मागणी. साइटचं पान उघडलं की वर्डप्रेस स्वतःची एक मुख्य क्वेरी चालवतं. त्यावर भाचा टेम्प्लेटमध्ये दुसरी, स्वतःची क्वेरी लिहितो. यादी दिसते दुसरीची, पानांचा हिशेब असतो पहिलीचा. मग पहिलं पान छान, दुसरंही कदाचित दिसेल, आणि तिसऱ्यावर ‘पान सापडलं नाही’. उपाय एकच: दुसरी क्वेरी लिहूच नका. ‘प्री गेट पोस्ट्स’ या हुकमध्ये, म्हणजे क्वेरी चालण्याआधी आपलं कोड अडकवायच्या जागी, मुख्य क्वेरीलाच क्रम, चाळणी आणि पानावर किती हे सांगा. तिथे दोन तपासण्या हव्यात, हा अ‍ॅडमिनचा भाग नाही ना, आणि ही मुख्य क्वेरीच आहे ना. त्या विसरल्या तर अ‍ॅडमिनमधली यादी आणि बाजूचे विजेटही उलटेपालटे होतात.

वेगळी क्वेरी टाळताच येत नसेल, उदाहरणार्थ यादी होमपेजवरच हवी असेल, तर एकूण पानं त्या वेगळ्या क्वेरीतून घ्या, मुख्य क्वेरीतून नको. होमपेज म्हणून स्थिर पान नेमलं असेल तर चालू पानाचा आकडा ‘पेज्ड’मध्ये नसून ‘पेज’मध्ये येतो. ‘ऑफसेट’ (सुरुवातीच्या इतक्या नोंदी सोड, असं सांगणं) वापरलंत तर पानांची मोजणी बंद पडते आणि प्रत्येक पानावर तेच ते कार्यक्रम दिसत राहतात.

एवढं झालं तरी काही प्रश्न कोडचे नसतातच. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, महिनाभर, रोज एक व्याख्यान. प्रत्येक व्याख्यान वेगळी नोंद म्हणून टाकलं आणि पानावर दहा ठेवले, तर तीन पानं नुसती व्याख्यानमालाच. उपनगरातल्या कुणाच्या गाण्याच्या मैफलीपर्यंत वाचक पोचणार कधी? मी मालेची एकच नोंद करते, आत सगळे वक्ते आणि विषय, आणि रोज सकाळी यादीच्या वर ‘आजचं व्याख्यान’ अशी एक ओळ. रोजच्या नोंदी हव्यातच असा आग्रह असेल तर मालेसाठी वेगळं पान करा.

लांबलेल्या पर्वांचं याहून कठीण आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि ध्वज उतरणार २४ जुलै २०२८ ला. वरच्या नियमानं ही नोंद जवळजवळ पावणेदोन वर्षं पहिल्या पानाच्या माथ्यावर ठिय्या देऊन बसेल. म्हणून ‘सध्या सुरू’ अशी वेगळी पट्टी करा, तिला पानं नकोत. सुरुवात होऊन गेलेली पण न संपलेली प्रदर्शनं, महोत्सव, पर्वं तिथे, आणि खालच्या मुख्य यादीत फक्त आज किंवा पुढे सुरू होणारे. स्नानांच्या नोंदी स्वतंत्र करा. तिसऱ्या स्नानाच्या तर दोन, कारण त्र्यंबकला ते १२ सप्टेंबरला आहे.

पानांच्या आकड्यांबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे: गावच्या साइटला त्यांच्यापेक्षा महिने बरे. ‘पान २’वर आज जे आहे ते चार दिवसांनी ‘पान १’वर सरकतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दुवा शिळा होतो. ‘ऑगस्ट २०२७’चा दुवा तसाच राहतो. मी वर महिन्यांची बटणं ठेवली आहेत आणि एका महिन्यात वीसहून जास्त नोंदी झाल्या तरच खाली आकडे येतात. होऊन गेलेल्या कार्यक्रमांची यादी वेगळी, आणि ती उतरत्या क्रमानं, अलीकडचं वर.

कॅशे प्लगिन, म्हणजे पानाची तयार प्रत जपून तीच दाखवणारं प्लगिन, असेल तर मध्यरात्रीनंतर यादीचं पान ताजं होईल अशी व्यवस्था करा. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा गजर, कुणी साइटवर आल्यावरच जागं होतं, आणि रात्री बाराला आपल्या साइटवर कोण येणार? होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन लावून घ्या.

शेवटी तपासणी, आणि ती साइटच्या रिकाम्या प्रतीवर. कालचा, आजचा आणि उद्याचा असे तीन खोटे कार्यक्रम टाका आणि पानावर एकच नोंद ठेवा. पहिल्या पानावर आजचा, दुसऱ्यावर उद्याचा दिसला पाहिजे, कालचा कुठेच नाही. मग पत्त्यात हातानं तिसरं पान मागा: तिथे ‘सापडलं नाही’ असंच यायला हवं. आणखी दोन कार्यक्रम उद्याच्याच तारखेला, त्याच वेळेला टाका आणि चारही पानं उलटसुलट उघडून बघा, एकही नोंद दोनदा दिसता कामा नये. मग पहाटे पाचला गजर लावून पुन्हा एकदा. झोपायचं असेल तर भाच्याला लावायला सांगा.