ग्राफीन नॅनोरिबन कोणता प्रकाश शोषते, हे लॅपटॉपवर कसं काढायचं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ग्राफीन नॅनोरिबन, म्हणजे एका अणूच्या जाडीच्या कार्बनची अतिअरुंद पट्टी, घ्यायची म्हणता? घ्या. २०१० साली ती रेणू जोडत बनवली, त्याला सोन्याचा एकस्फटिक आणि अतिनिर्वात लागला. नाशिकच्या सराफ बाजारात सोनं ढीगभर आहे, पण तसलं नाही. आपण गणित करू, तेही साध्या टाइट-बाइंडिंग मॉडेलने: इलेक्ट्रॉन फक्त शेजारच्या अणूवर उडी मारतो असं धरायचं.

आधी रुंदी. आर्मचेअर कडेच्या (कड खुर्चीच्या हातांसारखी आत-बाहेर जाते) रिबनची रुंदी कार्बनच्या ओळींत सांगतात. निफाड-दिंडोरीकडची पोरं ती बरोबर मोजतात, कारण द्राक्षाच्या ओळी मोजायच्या तर बागेत आडवं चालावं लागतं हे त्यांना ठाऊक असतं. तसंच इथे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जा. सात ओळी असतील तर एकक पेशीत, म्हणजे लांबीच्या दिशेने पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, १४ अणू, पेशीची लांबी ०.४२६ नॅनोमीटर. म्हणून मॅट्रिक्स १४ बाय १४; एवढ्याला जुना लॅपटॉपही पुरतो.

कोडला हात लावण्याआधी कॅल्क्युलेटर घ्या. पट्टा (इलेक्ट्रॉनला घेता येणाऱ्या ऊर्जांचा गट) क्रमांक १ ते ७ घेऊन प्रत्येकाला १८० अंशांनी गुणा, ८ने भागा. आलेल्या कोनाच्या कोसाइनची दुप्पट करा, १ मिळवा, चिन्ह सोडा, २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टने (ही शेजारच्या अणूवर उडी मारण्याची ऊर्जा) गुणा. पाचवा पट्टा सगळ्यात खाली येतो: कोन ११२.५ अंश, ऊर्जा ०.६३. गॅप, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांमधलं अंतर, त्याच्या दुप्पट, १.२७. k (लांबीच्या दिशेचा इलेक्ट्रॉनचा तरंगांक) शून्य ठेवला की कोडमधून हाच आकडा यायला हवा. नाही आला तर शेजारी अणूंची यादी तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. आठ ओळींना गॅप शून्य येईल; खऱ्या रिबनमध्ये कडेचे बंध थोडे आखूड आणि बळकट असल्याने तो थोडा उघडतो.

मग शोषण. प्रकाशाचं ध्रुवण लांबीच्या दिशेने ठेवा. संक्रमण फक्त भरलेल्या पट्ट्यातून त्याच क्रमांकाच्या रिकाम्या पट्ट्यात होतं. kचे बिंदू काहीशे तरी घ्या, शिखरांची रुंदावण ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवा. बिंदू कमी पडले की आलेखात खोटी शिखरं येतात.

१.२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे अवरक्त. २०१४मध्ये सोन्यावरच्या सात ओळींच्या रिबनचं मोजलेलं पहिलं शिखर मात्र २.१ला, म्हणजे ५९० नॅनोमीटरला आहे. इथे पोरं गुपचूप २.७चे साडेचार करतात. अजिबात करू नका. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेमुळे मोकळ्या रिबनचा गॅप ३.७च्या आसपास जातो, आणि इलेक्ट्रॉन आणि होल (त्याने मागे सोडलेली रिकामी जागा) यांची जोडी घट्ट बांधलेली असल्याने शिखर एकाहून जास्त इलेक्ट्रॉनव्होल्टने पुन्हा खाली येतं. साध्या मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. व्हायव्हाला एक्स्टर्नल नेमकं हेच विचारतात, तेव्हा रिपोर्टात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा आणि फरकाचं कारण खाली लिहा.