सिस्टिम कॉलची चाचणी पडली, आता काय?

रात्री लावलेल्या चाचण्यांचा निकाल मी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की उघडतो. फोंड्याला घरीच दोन यंत्रं ठेवली आहेत. लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती आली की सिस्टिम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागण्यांच्या, सगळ्या चाचण्या त्यांवर चालतात. लाल ओळ दिसली म्हणून लगेच चाचणीचा कोड उघडू नका. आधी शोधा, बदललं कोण: कर्नल, यंत्र की चाचणी?

एका पावसाळ्यात मला याची किंमत कळली. 'ओपन' या फाइल उघडणाऱ्या कॉलला 'ओ-डायरेक्ट' (कॅशे टाळून थेट वाचा-लिहा) फ्लॅग देणारी चाचणी एका यंत्रावर 'ईइन्व्हॅल' (अमान्य आर्ग्युमेंट) ही त्रुटी येऊन पडायची, दुसऱ्यावर बिनबोभाट चालायची. कर्नल दोन्हीकडे ६.१. दीड दिवस मी कर्नलचा कोड चाळला. चूक माझ्याच मांडणीत होती. एसएसडी झिजू नये म्हणून पहिल्या यंत्रावर तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी मी टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीत ठेवली होती, आणि टीएमपीएफएसवर ओ-डायरेक्ट चालायला लागलं ते ६.६ पासून. तेव्हापासून प्रत्येक निकालाच्या माथ्यावर मी कर्नलची आवृत्ती, फाइलसिस्टिम आणि चाचणी चालवणारा युजर छापून घेतो.

युजर कशाला? रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरला, फाइलच्या परवानग्या सहसा अडवत नाहीत. 'ईॲक्सेस' (परवानगी नाही) यायलाच हवा अशी चाचणी रूटने चालवली तर फाइल खुशाल उघडते आणि चाचणी पडते. त्यामुळे चाचणीने स्वतःच आधी 'नोबडी' हा बिनअधिकारांचा युजर व्हावं, मग कॉल करावा.

वेळ मोजणाऱ्या चाचण्या सर्वांत जास्त छळतात. आमच्याकडे जूनमध्ये वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि सीपीयू मंदावतो. मधे सिग्नल आला नाही तर 'नॅनोस्लीप' हा झोपवणारा कॉल ठरल्या वेळेच्या आधी परतणार नाही, इतकीच कर्नलची हमी. उशीर किती होईल याची हमी नाही. म्हणून खालची मर्यादा काटेकोर तपासा, वरची सैल ठेवा. चाइल्ड प्रोसेस एव्हाना झोपली असेल असं धरून एक सेकंद थांबणंही सोडा. 'प्रॉक' या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीत तिची स्थिती 'एस' (झोपलेली) दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा बघा. चाचणी भरवशाची होते, वर वेळही वाचतो.

माझा जीव खरा अडकतो तो वगळलेल्या चाचण्यांत. लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या चाचण्यांच्या संचात त्यांना 'टीकॉन्फ' म्हणतात. 'ओपनॲट२' हा फाइल उघडणारा कॉल कर्नल ५.६ मध्ये आला. त्याआधीच्या कर्नलवर 'ईनोसिस' (असा कॉलच नाही) आला तर वगळणं रास्तच. पण नुसता आवृत्तीचा आकडा बघून वगळू नका, कारण लिनक्सचे वितरक नवे कॉल जुन्या कर्नलमध्येही आणतात. कॉल करूनच पाहा. उलट ५.६ किंवा पुढच्या कर्नलवर 'ईनोसिस' आला तर चाचणी पडली असंच नोंदवा. कंटेनरमध्ये मात्र सेककॉम्पची, म्हणजे काही कॉल अडवणारी, चाळणी आड येते, म्हणून या चाचण्या मी थेट यंत्रावर किंवा क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात चालवतो.

वगळल्याचा आकडा रोज वहीत उतरवा. काल ४१ होता आणि आज ५८ झाला, तर एकही लाल ओळ नसली तरी मी त्या १७ चाचण्यांची नावं काढतो आणि कर्नलच्या कॉन्फिगमधला कुठला पर्याय बंद झाला ते शोधूनच उठतो.