अळिवाची चाचणी कुठे फसते? या चुका टाळा

अळीव स्वस्त, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे आणि एका दिवसात मोड काढणारे. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या आणि रसायनशास्त्राच्या प्रोजेक्टांत त्यांची चलती आहे. चाचणी साधी: तपासायच्या नमुन्याच्या पाण्यावर किंवा अर्कावर बिया उगवायच्या आणि उगवण व मुळाची लांबी नुसत्या पाण्यावरच्या बियांशी, म्हणजे कंट्रोलशी, ताडून बघायची. सांगली जिल्ह्यात तर त्यांना कामही भरपूर आहे. साखर कारखान्याच्या प्रेसमडचं (रस गाळून उरलेल्या मळीचं) खत नीट कुजलंय का, कृष्णाकाठच्या क्षारपड रानातलं पाणी रोपाला किती बाधतं, उसात मारलेल्या टू-फोर-डी या तणनाशकाचा अंश मातीत उरलाय का, सगळ्याची पहिली झडती अळिवावर घेता येते. अडचण एवढीच की मीठ असो, आम्ल असो, अमोनिया असो की नुसता उन्हाळा, अळिवाचं मूळ आखूडच होतं. काहीतरी बिघडलंय हे कळतं, काय बिघडलंय ते शोधणं आपल्याकडे राहतं. बहुतेक प्रोजेक्ट नेमके इथेच आडवे होतात.

बी आणि पाणी

गणपती पेठेतून आणलेली पुडी ताजी आहे की गेल्या हिवाळ्यातल्या लाडवांची उरलेली, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. आधी नुसत्या पाण्यावर शंभर बिया टाकून बघा. नव्वदच्या खाली उगवल्या तर ती पुडी लाडवांना द्या, प्रयोगाला नको. आणि कंट्रोल एका पुडीतून, नमुना दुसऱ्या पुडीतून, असं कधीही करू नका. खायचे अळीव एका बाबतीत बरे: त्यांना थायरमसारखं बुरशीनाशक औषध चोळलेलं नसतं. बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी रंगाचं बी मात्र चाचणीसाठी बाद.

दुसरी गोष्ट त्या चिकट थराची. बी ओलं झालं की काही मिनिटांत भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण फुगतं. पाणी जास्त झालं तर बिया एकमेकींना चिकटून गोळा होतो, हवा मिळत नाही आणि मुळं कशीही वळतात. नऊ सेंटीमीटरच्या पेट्रीडिशमध्ये (झाकणाच्या उथळ गोल बशीत) फिल्टर पेपरवर ४-५ मिली पुरे. डिश तिरपी केल्यावर पाणी वाहताना दिसलं तर ते जास्त झालं. बिया कोरड्याच चिमट्याने अंतरावर मांडा. ब्लीचमध्ये बुडवून निर्जंतुक करायच्या नादात हाच थर सगळी पंचाईत करतो. तीन दिवसांच्या चाचणीला त्याची सहसा गरजही नसते.

हा थर रासायनिकदृष्ट्याही निरुपद्रवी नाही. १९९२ साली जपानी संशोधकांनी उगवलेल्या अळिवाच्या चिकट द्रवातून लेपिडिमॉइड नावाचं संयुग वेगळं काढलं. ते राजगिऱ्याच्या रोपाचं खोड वाढवतं आणि जास्त मात्रेत मूळ रोखतं. तेव्हा डिश वाचवायला अळीव आणि राजगिरा एकाच कागदावर टाकणाऱ्यांनी आपण नक्की काय मोजतोय ते बघावं.

कंट्रोलला नळाचं पाणी आणि अर्काला डिस्टिल्ड, हाही नेहमीचा घोळ. बोअरचं तर विचारूच नका. अर्क ज्या पाण्यात केला, त्याच पाण्याचा कंट्रोल ठेवा.

उन्हाळा आणि वायफाय

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या डिशचं झाकण आतून घामेजतं, कडेचा कागद सुकतो आणि कडेच्या बिया मागे पडतात. मग अहवालात लिहिलं जातं, ‘नमुना विषारी’. अळिवाला २५ अंशांच्या आसपास बरं वाटतं. इनक्यूबेटर नसेल तर डिश बंद डब्यात ओल्या फडक्यावर, काळोखात, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा आणि कंट्रोल व नमुना यांच्या जागा रोज अदलाबदल करा.

२०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या नववीच्या मुलींनी वायफाय राउटरजवळ अळीव नीट उगवत नाहीत असं दाखवलं आणि ते जगभर गाजलं. आपल्याकडेही विज्ञान प्रदर्शनांत ते अजून अधूनमधून येतं. पण राउटर गरम होतो आणि गरम हवेत ट्रे लवकर सुकतो. तेवढ्यानेही उगवण मार खाते. हा प्रयोग करायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत तेवढीच उष्णता देणारी, पण लहरी न सोडणारी वस्तू ठेवा. नाहीतर मोजाल ती उष्णताच.

अर्काचा दोष की मिठाचा?

गाजरगवताचा दहा टक्के अर्क करा, अळीव मरणारच. त्यातून गाजरगवतात तणनाशक द्रव्य आहे हे सिद्ध होत नाही. इतक्या दाट अर्कात क्षार आणि शर्करा इतक्या असतात की बीला पाणी ओढणंच अवघड जातं. म्हणून प्रत्येक अर्काचा पीएच (आम्लता) आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज) मोजा, आणि तेवढ्याच ईसीचं मिठाचं पाणी वेगळा कंट्रोल म्हणून ठेवा. दोन्हींत मूळ सारखंच आखडलं तर गाजरगवताला दोष देता येणार नाही. माझ्या मते हा एक कंट्रोल नसेल तर असा प्रोजेक्ट तपासायलाही घेऊ नये.

मिथेनॉल किंवा ॲसिटोनचा अर्क असेल तर फिल्टर पेपर पूर्ण सुकू द्या, मगच पाणी घाला. नुसतं द्रावक टाकून सुकवलेली एक डिशही हवीच.

टू-फोर-डीचा संशय असेल तर लांबीबरोबर आकारही बघा. उसातला फवारा उडून द्राक्षाला काय करतो, हे तासगावकरांना सांगायला नको. अळिवाचं मूळही त्याने आखूड होऊन जाड, सुजल्यासारखं दिसतं. मात्र अगदी कमी मात्रेत वाढ उलट जोरात होऊ शकते. कंट्रोलपेक्षा लांब मूळ म्हणजे नमुना स्वच्छ, असं धरून चालू नका.

गणितातली चूक

खताच्या चाचणीत उगवण निर्देशांक काढतात. उगवणीचं कंट्रोलशी असलेलं प्रमाण गुणिले मुळाच्या लांबीचं प्रमाण. समजा, कंट्रोलमध्ये दहापैकी ९ उगवले, मूळ सरासरी ४० मिमी. खताच्या अर्कात ८ उगवले, मूळ ३० मिमी. म्हणजे ८८.९ टक्के आणि ७५ टक्के, निर्देशांक सुमारे ६७.

बरेच जण न उगवलेल्या बियांची लांबी शून्य धरून सरासरी काढतात. मग कंट्रोल ३६ आणि नमुना २४, प्रमाण ६७ टक्के. इथे उगवणीचा हिशेब लागून गेलाय. त्याला पुन्हा ८८.९ टक्क्यांनी गुणलं की ५९ येतात. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा! लांबीची सरासरी फक्त उगवलेल्यांची काढा.

साधारणपणे ८० च्या वर खत बिनधोक, ५० च्या खाली कच्चं मानतात. आणि एका डिशमधल्या तीस बिया म्हणजे तीस नमुने नव्हेत. मोजायचं एकक डिश आहे. प्रत्येक उपचाराला, म्हणजे कंट्रोलला आणि प्रत्येक नमुन्याला, निदान तीन-चार डिश हव्यातच.

बुरशी समजून फेकलेली डिश

दुसऱ्या दिवशी मुळाच्या वरच्या भागाला पांढरी लव दिसते आणि पोरं डिश कचऱ्यात टाकतात. ती बहुतेक वेळा मूळरोमांची असते. भिंगाखाली बघा: मूळरोम आखूड, एकसारखे, मुळाभोवती ब्रशसारखे उभे असतात. पाण्याचा थेंब सोडला की ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशीचे धागे बीवरून कागदावर, एका रोपावरून दुसऱ्यावर पसरतात आणि थेंबाने लपत नाहीत.

रसायनशास्त्रवाल्यांसाठी

अळिवातलं ग्लुकोट्रोपिओलिन (तिखटपणाचं मूळ संयुग) मोजायचं असेल तर ताजं रोप थंड पाण्यात वाटू नका. पेशी फुटताच मायरोसिनेज विकर (एन्झाइम) त्याचं बेंझिल आयसोथायोसायनेट करून टाकतं. नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. आधी उकळत्या ७० टक्के मिथेनॉलमध्ये टाकून विकर निकामी करा. उलट आयसोथायोसायनेटच हवं असेल तर वाटलेलं उघडं ठेवू नका, ते उडून जातं. शिवाय अळिवात एक असं प्रथिन आहे की त्याच्यामुळे ग्लुकोट्रोपिओलिन तुटताना थायोसायनेटही तयार होतं. त्यामुळे क्रोमॅटोग्राफीत (घटक वेगळे करून मोजायच्या पद्धतीत) आलेखावर अनपेक्षित शिखर दिसलं तर लगेच ‘अशुद्धी’ म्हणून सोडू नका.

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाची पद्धत अळिवाला जशीच्या तशी लावणारेही भेटतात. त्या धुळीएवढ्या बीला सहसा दोन-चार दिवस ४ अंशांवर ओलं ठेवतात. अळिवाला ते केलं तर बी फ्रिजमध्येच पाणी पिऊन मोड काढायच्या तयारीला लागतं आणि तुमचा ‘शून्य तास’, म्हणजे मोजणी सुरू करायची वेळ, खोटा ठरतो.

खत कच्चं निघालं तर

निर्देशांक चाळीस आला म्हणून ढीग नाकारू नका. तोच अर्क निम्मा पातळ करून पुन्हा लावा. एकदम सुधारला तर क्षारांचा संशय घ्या, आणि असं खत क्षारपड रानात टाकू नका. अमोनियाचा वास येत असेल तर ढीग पलटा, ओल बघा आणि दोन-तीन आठवड्यांनी नवा नमुना घ्या. नमुना ढिगाच्या माथ्यावरून घेऊ नका. मध्यातून, तळातून आणि कडेचं थोडं, सगळं एकत्र मिसळून घ्या.