भिंतीवरचा हीटर घेण्याआधी कूलरची खिडकी पाहा

हीटर घ्यायला निघण्याआधी कूलरची खिडकी बंद करा. नागपूरची घरं उन्हाळ्याच्या धाकानं बांधलेली आहेत. उंच छत, वर झरोके, आणि हॉलच्या खिडकीत बाराही महिने बसलेला कूलर. जानेवारीत त्याच्याच जाळीतून रात्रभर गार वारा आत येतो आणि लोक म्हणतात, हीटरमध्ये दम नाही. आतल्या बाजूनं प्लायवूडचा तुकडा घट्ट बसवा, झरोके झाका आणि दोन रात्री काढून पाहा. काही घरांचं काम तेवढ्यानंच भागतं. मी वायरिंगची कामं करतो, हीटर विकत नाही, म्हणून हे मोकळेपणानं सांगतो.

एवढं करूनही थंडी वाजत असेल, तर मग वॅटचा विचार. गिऱ्हाईक बहुधा एकच म्हणतं, "भाऊ, दोन हजारवाला टाकून द्या." कशाला? 29 डिसेंबर 2018 ला इथं पारा 3.5 अंशांवर गेला होता हे खरं, पण तशा रात्री विरळाच. एरवी पहाटे 10-12 अंश असतात आणि दुपारी स्वेटर काढावं लागतं. चौरस फुटाला 10 वॅट हा ढोबळ हिशेब आपल्याला पुरतो. 10 बाय 12 च्या खोलीला 1,200 वॅट झाले. वर उघडा स्लॅब असेल तर 1,500 धरा. 2,000 वॅट मोठ्या हॉलसाठी ठेवा, आणि तोही बंद होणारा हॉल असेल तरच.

प्रकार मुख्यतः तीन. लाल तापणारा रॉड किंवा क्वार्ट्झवाला हवा तापवत बसत नाही, समोरच्या माणसाला आणि वस्तूंना थेट ऊब देतो. पहाटे अभ्यासाला बसणाऱ्या पोरांसाठी, देवघरासाठी, दारं सतत उघडी राहणाऱ्या दुकानाच्या गल्ल्यावर हाच घ्या. पंख्यावाला, म्हणजे ब्लोअर, खोली लवकर गरम करतो, पण आवाज करतो. आजीच्या झोपेच्या खोलीत तो मी सुचवणार नाही. तिथं चपटा पॅनल हवा. तो आवाज न करता हळूहळू खोली भरतो आणि थर्मोस्टॅट असेल तर आपला बंद-चालू होतो. मात्र दार बंद पाहिजे.

दुकानदार "आमचा कमी वीज खातो" म्हणाला तर हसून सोडून द्या. 1,000 वॅटचा कोणताही हीटर सलग तासभर चालला की एक युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक पडतो तो किती वेळ चालला याचा, म्हणून थर्मोस्टॅटला पैसे द्या, चकचकीत रिमोटला नको. खरोखर वेगळा हिशेब फक्त हॉट-अँड-कोल्ड इन्व्हर्टर एसीचा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. उन्हाळ्यासाठी नवा एसी घ्यायचाच असेल, तर हीटर विसरा आणि तसला घ्या.

आता ज्यावर मी अडून बसतो ते. खिडकीजवळ कूलरचा पॉइंट रिकामा दिसतो आणि हीटरची पिन तिथंच जाते. कूलर साधारण 200 वॅटचा, हीटर त्याच्या दहापट. 2,000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 8.7 अँपिअर, कूलरचा पॉइंट बहुतेक 6 अँपिअरचा, बारीक वायरचा. वायर भिंतीच्या आत तापते आणि बाहेर काहीच दिसत नाही. हीटरला 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट, अडीच एमएमची तांब्याची वायर बोर्डापासून वेगळी ओढलेली, त्याला स्वतःची एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), अर्थिंग, आणि मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच), एवढं झाल्याशिवाय मी भिंतीला ड्रिल लावत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. ऑफिसात चार-पाच लावणार असाल, तर वीजबिलावरचा मंजूर भार आधी वाचा. सिव्हिल लाईन्समधल्या उंच छताच्या जुन्या कचेऱ्या अख्ख्या तापवण्याच्या नादी लागू नका, टेबलापाशी एकेक रॉडवाला पुरतो.

खोक्यावर आयएसआयची खूण पाहा आणि तिचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासा. बाथरूमसाठी आयपीएक्स4 (पाण्याचे शिंतोडे सोसण्याचा दर्जा) च्या खालचा घेऊ नका, आणि तोही शॉवरपासून लांब. हीटर ऑक्सिजन खातो ही भीती विजेच्या हीटरला लागू नाही, ती कोळशाच्या शेगडीची. हवा मात्र कोरडी वाटते.

जागा ठरवताना पुस्तिकेतली अंतरं पाळा. पडदा आणि गादी मीटरभर तरी दूर, आणि पॅनल सॉकेटच्या बरोबर खाली कधीच नाही. नव्या फ्लॅटांत राखेच्या विटा किंवा हलके ब्लॉक असतात, त्यांत स्क्रूची साधी प्लास्टिकची गिट्टी सैल होते; ब्लॉकसाठीचे अँकर मागा.

बसवल्यावर पूर्ण तासभर चालवा आणि बंद करून, पिन काढून तिला आणि सॉकेटच्या प्लेटला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला, प्लास्टिक पिवळं पडलं किंवा जळका वास आला, तर त्या दिवशी रजईच घ्या आणि सॉकेट बदलून मगच पुन्हा लावा.