विमानात जमला अभंगांचा क्रम

नव्या अल्बमसाठी आठ अभंग निवडले होते, पण सलग ऐकले की तिसऱ्यालाच कान थकायचे. मुंबई-नेवार्क विमानात १५-१६ तास हाताशी होते, तेव्हा कागदाच्या आठ चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर राग, ठेका, लय. शेजारच्या आजी झोपलेल्या, म्हणून मांडीवरच बोटांनी ठेका धरला, मनात गायलो आणि लय कळावी म्हणून घड्याळ लावून १५ सेकंदांतल्या मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, मोजल्या.

दुखणं तिथंच सापडलं. सात अभंग ८ मात्रांच्या भजनी ठेक्यात, लयही जवळपास एकच. शिवाय भीमपलास आणि बागेश्री हे राग शेजारी-शेजारी! दोन्हींत गंधार-निषाद हे स्वर कोमल, त्यामुळे दुसरा अभंग पहिल्याचंच पुढचं कडवं वाटायचा. मध्ये भूप रागातला अभंग घातला, सगळे स्वर शुद्ध, आणि बागेश्री एकदम उजळली. एक अभंग ७ मात्रांच्या रूपकात बांधला, गवळण ६ मात्रांच्या दादऱ्यात नेली.

सुरुवातीला विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, शेवटी भैरवी. वारकरी भजनाची ही रीत मोडायची नव्हतीच. उतरताना चिठ्ठ्या क्रमानं रबर लावून खिशात ठेवल्या. परवा त्याच क्रमानं रेकॉर्डिंग केलं. पखवाजवाले काका म्हणाले, "आता दम खायला जागा मिळते बघ."