वर्गातलं ‘वांड’ पोर : शिक्षकांनी या चुका टाळा

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन मुलं वर्गात येतात. फळ्यावर भागाकाराची उदाहरणं लिहून होतात आणि पाचवीतलं एक पोर वही टराटरा फाडतं, बेंचला लाथा घालतं. गुरुजी त्याला व्हरांड्यात उभं करतात. उरलेला तास शांततेत जातो. दुसऱ्या दिवशी त्याच तासाला पुन्हा तेच.

शिक्षा कमी पडली असं वाटून गुरुजी ती वाढवतात. पण पोराच्या बाजूने हिशेब बघा. त्याला भागाकार येत नाही, सगळ्यांसमोर ते उघडं पडणार होतं आणि वही फाडल्याबरोबर भागाकार टळला. त्याच्या दृष्टीने ही सुटकाच आहे, म्हणून तो उद्याही वही फाडेल. भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांबाबत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच: आपल्या शिक्षेतून मुलाला नेमकं काय मिळतं, हे कोणी बघत नाही.

नोंद न ठेवता उपाय करणं

‘खूप मस्ती करतो’ ही नोंद नव्हे. साधी शंभर पानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. तिसऱ्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलेलं लिहायचं. ‘उद्धटपणा’ लिहायचं नाही. लिहायचं ते असं: ‘मंगळवार, २.४०. फळ्यावरून उतरवायला सांगितलं. वहीची दोन पानं फाडली, बेंचला तीनदा लाथ मारली. बाहेर उभा केला.’ शाळेचे दहा दिवस एवढं नेटाने लिहिलं की बहुतेक वेळा काहीतरी सूत्र दिसतं. एखादं पोर फक्त लिहिण्याच्या वेळी भडकतं, एखादं बाई दुसऱ्या गटाकडे वळल्या की, तर एखादं सोमवारी सकाळीच.

साधारणपणे वागण्यामागे चार हेतू असतात: नकोसं काम टाळणं, लक्ष मिळवणं, हवी ती वस्तू मिळवणं, किंवा शरीराला बरं वाटणं (डोलत राहणं, पेन्सिल चावणं). एकच लाथ चार पोरं चार कारणांनी मारतात. लक्ष हवं असलेल्या पोराला सगळ्यांसमोर दहा मिनिटं रागावणं म्हणजे त्याला दहा मिनिटांचं लक्ष देणंच आहे.

काम टाळणाऱ्याला बाहेर काढणं

इथे उपाय कामातच करावा लागतो. दहा उदाहरणांऐवजी चार द्या. पहिलं सोडवून दाखवलेलं, दुसरं अर्धं सोडवलेलं, उरलेली दोन त्याची. फळ्यावरून उतरवण्यात गोंधळत असेल तर उदाहरणं त्याच्या वहीतच लिहून द्या. सोबत पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं एक कार्ड बेंचवर ठेवा, ‘मदत हवी’ लिहिलेलं. वाचता येत नसेल तर हाताचं चित्र काढा. कार्ड कसं वापरायचं हे मूल शांत असताना, गणिताच्या तासाआधी, चार-पाचदा करवून घ्या. कार्ड उचललं की पहिले काही दिवस लगेच त्याच्याजवळ जायचं. वही फाडण्यापेक्षा कार्ड उचलणं सोपं आणि जास्त फायद्याचं ठरलं, तरच ते कार्डाकडे वळेल.

विश्रांती द्यायला हरकत नाही. हौदाकडे जाऊन पाणी पिऊन ये, पाच मिनिटं बस. पण परत आल्यावर तेच काम, कमी का होईना, करून घ्यायचं. दोन उदाहरणं राहिली असतील तर एक तरी व्हायला हवं. नाहीतर विश्रांतीही सुटका होऊन बसते.

चौथ्या दिवशी माघार घेणं

लक्ष वेधण्यासाठीच्या आवाजांकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं की पहिले काही दिवस आवाज वाढतात. आजवर चालत आलेली युक्ती अचानक चालेनाशी झाली, म्हणून मूल ती जास्त जोरात करून बघतं. नेमक्या याच वेळी शिक्षक चिडतात आणि ओरडतात. मग मूल शिकतं की जास्त जोर लावला की काम होतं, आणि पुढची वेळ आधीपेक्षा अवघड जाते. दोन आठवडे टिकवणार असाल तरच सुरू करा. सहावी ते आठवीत विषयवार शिक्षक असतात, त्या सगळ्यांचं आणि मुख्याध्यापकांचं आधी एकमत हवं. मारामारी किंवा स्वतःला इजा करणं मात्र दुर्लक्ष करण्याच्या गोष्टी नाहीत.

दुर्लक्षाच्या जोडीला चांगल्या वागण्याची दखल हवीच. एका रागावण्यामागे निदान चार वेळा, आणि नेमक्या शब्दांत: ‘वही उघडून बसलास, छान.’ आठवीतल्या पोराला चारचौघांत कौतुक नकोसं वाटतं. त्याच्यासाठी वहीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहा.

भडका उडालेला असताना समजावत बसणं

त्या वेळी उपदेश कानात शिरत नाही. दोन हात अंतर ठेवा, समोरासमोर न राहता जरा तिरके उभे राहा, आवाज खाली आणा. वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा: ‘मी इथे आहे. बस.’ ‘का केलंस?’ विचारू नका. कर्कटक, कात्री बाजूला करा. त्याला ओढत नेण्यापेक्षा बाकीच्या मुलांना बाहेर न्या. दार अडवून उभं राहू नका, पण रस्ता किंवा विहीर जवळ असेल तर एका मोठ्या माणसाने मागे जावंच. जिवाला धोका असेल तरच धरायचं, तेही तेवढ्यापुरतं. पालथं दाबून कधीही धरू नका, श्वास कोंडू शकतो. अंग शांत व्हायला अर्धा तासही लागतो. त्यानंतर विचारा, ‘आधी काय झालं?’ अहिराणी बोलणारं पोर असेल तर ‘काय व्हयनं?’ म्हटल्यावर लवकर बोलतं. मग फाटलेली पानं त्याच्याकडूनच चिकटवून घ्या.

छडी उगारू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. शिवाय मार खाल्लेलं पोर तो मार मधल्या सुट्टीत लहानग्यांवर काढतं.

भाषा, भूक आणि दुखणं न तपासणं

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत पहिलीला आलेलं मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं. मराठी सूचना कळली नाही म्हणून ते जागचं हललं नाही, तर तो हट्ट नव्हे. सूचना एका वेळी एकच द्या, हाताने दाखवा, त्याची बोली येणारा मोठा विद्यार्थी शेजारी बसवा. ऊसतोडीला आईबापांबरोबर गुजरातला गेलेलं मूल आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास परततं. त्याचा राग बुडालेल्या धड्यांचा असू शकतो.

मानसिक आजार वाटण्याआधी तपासायच्या गोष्टी: सकाळी काही खाल्लं का, झोप झाली का, कान वाहतो का, फळा दिसतो का. मधेच काही सेकंद टक लावून बघणं हे फिट्‌सचं लक्षण असू शकतं. नंदुरबार भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार, त्यात अंग दुखतं) विसरू नका. हातपाय ठणकत असलेलं पोर कवायतीला नाही म्हणतं आणि कामचुकार ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलांची नावं आणि ती नोंदवही तयार ठेवा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत अवघड विषय पहिल्या तासालाच घ्या.

हे सगळं सांभाळूनही तोच त्रास सहा महिने, शाळेत आणि घरी दोन्हीकडे दिसत असेल, तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना कळवा आणि जिल्हा रुग्णालयाकडे पाठवा. निदान डॉक्टर करतील. हजेरीवर ‘मनोरुग्ण’ वगैरे लिहू नका.

गप्प पोराला ‘शहाणं’ समजणं

वर्गाला त्रास देत नाही, म्हणून त्याची तक्रारही येत नाही. डबा तसाच परत नेणं, परीक्षेच्या दिवशी पोट दुखणं, मैत्रिणींपासून तुटणं, हे दोन आठवडे दिसलं तर बाजूला बसून बोला. मरण्याची भाषा केली तर स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्या दिवशी एकटं सोडू नका, पालकांना बोलवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. लैंगिक अत्याचार कळला किंवा तशी शंका आली तर गावात मिटवू नका. पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन १०९८ वरही मदत मिळते.

पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलावणं

शेतातून बोलावलेला बाप फाटकातच पोराला धोपटतो आणि पोर पुन्हा शिक्षकाला काही सांगत नाही. आधी एक चांगली गोष्ट कळवा: ‘आज त्याने दोन उदाहरणं स्वतः सोडवली.’ तक्रार त्यानंतरच्या भेटीत, नोंदवही समोर ठेवून. घरचे भगताकडे जात असतील तर हिणवू नका. त्याबरोबर डॉक्टरही दाखवायला सांगा.

ती वही वर्ष संपताना कपाटात ठेवू नका. जूनमध्ये पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, पहिल्या पानावर तीन ओळी लिहून: कशाने भडकतो, कशाने शांत होतो, कार्ड वापरतो का.